पावडर ब्लू टँग: टाकीतला आणि अंदमानच्या समुद्रातला

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. तिच्यात हौसेने आणलेला पावडर ब्लू टँग एकोणिसाव्या दिवशी मेला. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले आणि त्याने खाणे सोडले. हा मासा मुळात राहतो कसा, हे पाहण्यासाठी सौ. आणि मी जानेवारीत अंदमानला गेलो.

बडोद्याहून तिकडे थेट विमान नसल्याने आम्ही चेन्नईत मुक्काम करून पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) गाठले आणि तेथून बोटीने स्वराज द्वीपला, म्हणजे 2018 पर्यंतच्या हॅवलॉकला, पोहोचलो. तिथल्या एलिफंट बीचला सकाळच्या पहिल्या बोटींनीच जावे, कारण गर्दी वाढली की वाळू ढवळून पाणी गढूळ होते. चष्मा असणाऱ्यांनी पाण्याखाली पाहण्यासाठी नंबरचा मास्क आधीच मिळवावा. माझा पहिला अर्धा तास निळसर धूसरपणा पाहण्यातच गेला.

सौ.चा नंबरचा मास्क लावून पुन्हा उतरलो, तेव्हा तो दिसला: आकाशी अंग, काळा चेहरा, पांढरी हनुवटी, पाठीवर पिवळा पर आणि शेपटीच्या बुडाशी तो धारदार काटा, ज्यावरून या कुळाला सर्जन मासे म्हणतात. खडकावरचे शेवाळ दोनदा खरवडायचे, वळायचे, जवळ आलेल्या दुसऱ्या टँगला हुसकावायचे आणि पुढे जायचे, असा त्याचा क्रम अखंड चालू होता. दिसेनासा होईपर्यंत त्याने आमच्या टाकीच्या निदान दहा लांब्या सहज पार केल्या असतील. चार फुटांत त्याला आपण काय देत होतो, हे तेव्हा उमगले.

घरी रंगीत मासा हवाच असेल, तर टाकीतच पैदास झालेला क्लाउनफिश मागून घ्यावा. समुद्रातही तो आपले समुद्रफूल, म्हणजे ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा प्राणी, सोडून फारसा लांब जात नाही. टँग मात्र समुद्रातच पाहावा.

पाण्यात पूर्ण बाह्यांचा पोशाख घालावा आणि प्रवाळावर पाय टेकू नये. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परतताना विमानतळावर आमच्या पुढे उभ्या असलेल्या कुटुंबाच्या पिशवीतून असाच एक पांढरा तुकडा निघाला आणि त्यांचा बराच वेळ चौकशीत गेला.