बचाव हेलिकॉप्टरच्या विंचची केबल बदलताना

हेलिकॉप्टरातून माणसाला वर खेचणाऱ्या यंत्राची, म्हणजे विंचची, केबल बदलायला दीड दिवस लागला. तिच्यासोबतच्या बारक्या वस्तू गोळा करायला मात्र सात आठवडे गेले.

तपासणीत हातात सुती फडकं धरून केबल सोडत गेलो. हुकापासून चौथ्या मीटरवर फडक्याचा धागा अडकला. तार तुटलेली. डोळ्यांना ती दिसत नव्हती, म्हणून तर सुती फडकं. जहाजाच्या कठड्याला घासणं, झटके, समुद्रात बुडणं हे सगळं हुकाजवळच्या याच भागाच्या वाट्याला येतं.

केबल दिसते साधी, ४.७६ मिमी जाडीची. आत १९ पेड (तारांच्या पिळलेल्या लडी), प्रत्येकात ७ तारा, म्हणजे १३३ स्टेनलेस तारा. बाहेरचे आणि आतले पेड उलट दिशांना वळलेले असतात, त्यामुळे भार आला तरी केबल गरगरत नाही. पण हुकाला मोकळं फिरू देणारं स्विव्हल बेअरिंग मिठाने जाम झालं की पीळ केबलमध्येच साठतो, बाहेरचे पेड फुगून पिंजऱ्यासारखे होतात आणि केबल बाद. म्हणून केबलसोबत ते बेअरिंगही मागवलं. आजच्या बऱ्याच विंच २७२ किलो उचलतात, केबल साधारण ९० मीटर. (तटरक्षक दलाची चेतक या हलक्या हेलिकॉप्टरांची पहिली स्क्वाड्रन १९८२ साली गोव्यात उभी राहिली, चेतकच्या विंचची मर्यादा १७५ किलो. ओलाचिंब माणूस आणि त्याला धरलेला डायव्हर मिळून हिशोब काठावरच येतो.)

अडलं ते कटरच्या कार्ट्रिजवर. केबल कुठे अडकली तर वैमानिक बटण दाबून ती तोडतो, आणि तोडण्याचा जोर या छोट्या स्फोटक कार्ट्रिजचा. वाहतुकीच्या नियमात ते १.४एस या स्फोटकांच्या वर्गात बसतं, त्यामुळे नेहमीच्या पार्सलातून येत नाही. कागद वेगळे, पॅकिंग वेगळं. त्याला दोन मुदती असतात: एक बनवल्यापासूनची, दुसरी सीलबंद डबा फोडल्यापासूनची. डबा आधीच फोडून ठेवणं म्हणजे आयुष्य फुकट घालवणं. ओ-रिंगचंही, म्हणजे रबरी सीलचंही, तसंच. आलेल्या पाकिटावरची क्युअर डेट (रबर तयार झाल्याची तारीख) जुनी निघाली, परत पाठवलं. केबलच्या टॅगवरचा सीरियल नंबर प्रमाणपत्राशी जुळवल्याशिवाय तिचा डबा उघडला नाही.

काम सुरू करताना आधी कटरची वीज तोडणारा सर्किट ब्रेकर ओढला, जुन्या कार्ट्रिजची जोडणी सोडवली, मगच विंचला हात लावला. जुनी केबल स्वच्छ ताडपत्रीवर उतरवली. काँक्रीटवर केबल कधीच टेकवायची नाही. नवी गुंडाळताना तिच्यावर सतत ताण हवा. सैल गुंडाळली तर वरचा वेढा भाराखाली खालच्या दोन वेढ्यांमध्ये घुसतो आणि नेमकी माणूस लटकलेला असताना विंच अडते. घाई इथेच नडते.

गुंडाळून झाल्यावर केबल टोकाला आली की विंच थांबवणारे मर्यादा-स्विच नव्याने बसवावे लागतात, नाहीतर हुक पूर्ण वेगात वर येऊन रबरी बंपरवर आदळतो. मग मॅन्युअलप्रमाणे वजन लावून केबल पूर्ण सोडली, पूर्ण घेतली. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते, म्हणून स्विच पुन्हा तपासले. शेवटी नवं कार्ट्रिज जोडलं, ब्रेकर आत दाबला आणि कार्ट्रिजचा डबा फोडल्याची तारीख लॉगबुकात लिहिली.

आता समुद्रावरच्या प्रत्येक फेरीनंतर भिजलेली केबल गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची आणि तेच सुती फडकं पुन्हा फिरवायचं.