हाताळायची प्रत

हाताने केलेले पुस्तक गॅलरीकडे पाठवताना मी एक अट लेखी घालते. विक्रीच्या प्रतींबरोबर दिलेली एक प्रत टेबलावर उघडी राहील, तिला कोणीही हात लावू शकेल, आणि प्रदर्शन संपेपर्यंत ती मळली, दुमडली किंवा फाटली तरी तिची भरपाई मी मागणार नाही. काही जणांना ही अट विचित्र वाटते, कारण मांडलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो हीच गॅलरीची शिस्त. पण ज्या पुस्तकाचे निम्मे काम पानांच्या क्रमात, कागदाच्या जाडीत आणि पान उलटायला लागणाऱ्या वेळात असते, ते काचेखाली एका जोडपानावर उघडून ठेवले, तर पाहणाऱ्याच्या वाट्याला फार तर एक चित्र येते.

मी अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि दोन प्रकारची पुस्तके करते. पहिला प्रकार झीनचा, म्हणजे स्वतःच काढून स्वतःच वाटायच्या छोट्या पुस्तिकेचा: एक ए-फोर कागद घ्यायचा, त्याचे आठ भाग पडतील अशा घड्या घालायच्या, मधल्या घडीवर एक चीर द्यायची, आणि टाका किंवा पिन न लावता आठ पानांची पुस्तिका उभी करायची. मूळ प्रत हाताने काढलेली असते आणि बाकीच्या तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून येतात. दुसरा प्रकार सावकाशीचा. त्यात सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद, मुखपृष्ठावर लिनोकटचा, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून उमटवलेला, ठसा, आणि आरीने पाडलेल्या तीन छिद्रांतून मेण लावलेल्या दोऱ्याची शिवण असते. पुठ्ठ्याला लागणारी खळ मी मैद्याचीच शिजवते आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकते, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात साध्या खळीवर कसर आणि झुरळे तुटून पडतात. मोरचूद विषारी असल्यामुळे त्या खळीचे भांडे स्वयंपाकघरात येत नाही, हे सांगितलेले बरे.

थोड्या प्रतींचे, स्वतःच काढून स्वतःच वाटायचे पुस्तक मराठीला परके नाही. १९५४ साली मुंबईत काही तरुण कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून हातयंत्राने प्रती काढून, प्रसिद्ध केले आणि पुढच्या दशकात अशा अंकांची रीघ लागली. आमच्या भागातला दाखला तर कितीतरी जुना आहे. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि पुढे पंथातल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके हाताने उतरवल्या गेल्या. ज्याला ग्रंथ हवा त्याने तो दुसऱ्या प्रतीवरून नकलून घ्यायचा, म्हणजे एक प्रत कोणाच्या तरी हाती गेल्याशिवाय दुसरी जन्मालाच येत नसे.

काचेची पेटी पुस्तकाच्या नशिबी कशी येते, त्याचा नमुना म्हणून अमेरिकन चित्रकार एड रुशे यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. १९६३ साली त्यांनी सव्वीस पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचे एक साधे पुस्तक काढले. पहिली आवृत्ती ४०० प्रतींची होती, किंमत साडेतीन डॉलर. कोणीही घ्यावे आणि खिशात घालावे इतके ते साधे होते. आज त्याच प्रती संग्राहकांकडे आणि संग्रहालयांच्या पेटीत सापडतात. याच्या उलट वाट आपल्याकडे दयानिता सिंग यांनी दाखवली. २००८ साली त्यांची घडीची सात छोटी छायाचित्रपुस्तके एका कापडी डबीत निघाली. डबी उघडून पुस्तके उलगडली आणि मांडणीवर उभी केली की घरातच प्रदर्शन भरते, त्यासाठी गॅलरी लागत नाही.

तरी गॅलरी नकोच, असे मी म्हणणार नाही. चारशे रुपयांचे शिवलेले पुस्तक घेणारा माणूस तिथेच भेटतो. मात्र बहुतेक ठिकाणी व्यवहार ‘विकले गेले तर पैसे’ असा असतो आणि त्यांचा वाटा चाळीस ते पन्नास टक्के असतो. म्हणून प्रती देतानाच पावतीवर आवृत्तीतले क्रमांक, किंमत, दोघांचा वाटा, पैसे कोणत्या महिन्यात मिळणार आणि न विकलेल्या प्रती परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे सगळे लिहून घ्यावे. संकोचापोटी हे टाळणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या प्रती वर्षानुवर्षे कोणाच्या तरी कपाटात पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

झीनचा खरा बाजार मेळ्यांत आहे. मुंबईत २०१७ साली बॉम्बे झीन फेस्ट सुरू झाले आणि अशा मेळ्यांची ओळख आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचली. टेबलाचे भाडे आणि अमरावती-मुंबई गाडीचे तिकीट धरले तर हिशेब क्वचितच जुळतो, पण टेबलामागे बसून जे दिसते ते गॅलरीच्या हिशेबवहीत कधी येत नाही. कोण मागून पुढे चाळतो, कोणाचे बोट कोणत्या पानावर थांबते, शिवणीची गाठ पाहायला कोण थेट मधले पान उघडतो, हे सगळे समोर घडते. करणारे एकमेकांत अदलाबदल करतात ती वेगळीच. माझा निम्मा संग्रह तिच्यातूनच जमला आहे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवले ते बहिरमच्या यात्रेने. सातपुड्याच्या पायथ्याशी २० डिसेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ ही यात्रा चालते, आणि हंडीतले मटण नि रोडगे खायला सगळा वऱ्हाड लोटतो. तिथे एका नातेवाइकाच्या दुकानाशेजारी पोते अंथरून मी कपाशीवरच्या झीन मांडल्या. एक काकाजी उकिडवे बसले, आठही पाने सावकाश पाहिली, बोंडअळीच्या पानावर अंगठा टेकवून म्हणाले, “हे बराबर काढलं बाप्पा तुनं. पण याच्यात कापसाचा भाव काऊन नाई लिवला?” मी म्हटले, “काकाजी, भाव रोज बदलते, छापलेला कसा टिकन?” त्यावर त्यांनी माझाच पेन मागून घेतला, त्या दिवसाचा भाव पानावर लिहिला आणि वीस रुपये देऊन ती प्रत खिशात घातली. अंगठ्याचे तेल तोवर कागदात मुरले होते. कोणत्याही गॅलरीने ती प्रत खराब म्हणून बाजूला काढली असती. मी मात्र तेव्हापासून त्या झीनमध्ये भावासाठी एक रिकामी चौकट ठेवते.

पाठवण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांचा सवलतीचा रजिस्टर्ड दर बंद केला, तेव्हा वीस रुपयांच्या झीनला तिच्या किमतीहून जास्त टपाल पडू लागले. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही टपालसेवा सुरू झाली असून त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असा दर आहे. मात्र पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव लागते आणि जाहिराती चालत नाहीत. म्हणून मी शेवटच्या पानावर स्वतःचे नाव छापते आणि शाळांना, वाचनालयांना भेट द्यायच्या प्रती एकत्र गठ्ठ्याने पाठवते.

या वर्षी बहिरमसाठी संत्र्याच्या आंबिया बहारावर, म्हणजे त्याच्या एका फुलोऱ्याच्या हंगामावर, झीन करते आहे. गॅलरीला जाणाऱ्या प्रतीही त्याच गठ्ठ्यातल्या असतील आणि किंमत दोन्हीकडे वीसच राहील. वाटा कापून हाती येणाऱ्या दहा रुपयांत कागद आणि झेरॉक्स निघते, कुरिअर निघत नाही, त्यामुळे तो फरक शिवलेल्या पुस्तकाच्या किमतीत चढवणार आहे.