कट्ट्यावरचं दूध आणि आबांची बीपीची गोळी

गेल्या महिन्यात आबांनी बीपीची गोळी बंद केली, कुणाला न सांगता. जेवण झालं की कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं, डोळ्यासमोर म्हस पिळून घ्यायची आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा ग्लास उभ्या उभ्या संपवायचा, हा त्यांचा तालमीच्या दिवसांपासूनचा शिरस्ता. त्यात कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की दुधातल्या पेप्टाइडनं बीपी उतरतं. झालं. "मी रोज औषधच पितोय की, मग गोळी कशाला?"

मी घाबरलो आणि वाचायला बसलो. आणि खरं सांगतो, वाचता वाचता दुधाबद्दलचा आदर लई वाढला. गाईच्या दुधात जे प्रोटीन असतं त्यातलं साधारण ८० टक्के केसिन, बाकीचं व्हे, म्हणजे पनीर केल्यावर जी निवळी उरते ना, तिच्यातलं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. माळेत गुंफलेले असताना त्यातले तुकडे गप्प असतात, पण पोटातल्या पेप्सिन-ट्रिप्सिन या पाचक रसांनी किंवा विरजणातल्या जंतूंनी माळ तोडली की छोटे छोटे तुकडे (हेच ते पेप्टाइड) सुटतात आणि मग ते कामाला लागतात, काही कॅल्शियम धरून ठेवतात, लॅक्टोफेरिन या दुधातल्याच प्रोटीनपासून सुटणारा एक तर जंतूंना मारतो. बीपीवाले दोघे फक्त तीन-तीन मण्यांचे, व्हीपीपी आणि आयपीपी. जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस या जंतूनं आंबवलेल्या दुधातले हे तुकडे, १९९५ साली त्यांच्यावरचं काम छापून आलं. रक्तवाहिन्या आवळणारं एसीई नावाचं एन्झाइम ते अडवतात, बीपीच्या काही गोळ्याही तेच करतात. म्हणजे आबा अगदीच चुकीचं बोलत नव्हते!

पण फरक पडतो तो थोडासाच, काही चाचण्यांत तर दिसलाच नाही, आणि युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं हा दावा मान्य केलेला नाही. आपल्या घरच्या विरजणात तोच जंतू असेल असंही नाही. त्यामुळं गोळी बंद करायची नाही म्हणजे नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आबांचं म्हणणं, उकळलं की दुधातला जोर जातो. अहो, अंडं उकळलं की घट्ट होतं, दूध कितीही उकळा, आटेल पण अंड्यासारखं थिजणार नाही, कारण केसिनला उष्णता सोसते. व्हेची घडी उकळल्यावर मोडते (चिकात व्हे प्रोटीन खच्चून असतं म्हणून तर खरवस नुसत्या वाफेवर घट्ट होतो) पण घडी मोडली म्हणून माळेतले मणी कुठं जात नाहीत, पोट ती तोडतंच. कच्च्या दुधातनं मात्र ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) होऊ शकतो, टीबीसुद्धा. माझ्या चुलत्यांनी घरच्याच म्हशीचं कच्चं दूध पिऊन ब्रुसेलोसिस काढलाय, ताप उतरायचा, परत चढायचा, सांधे धरलेले, रात्री घामानं अंथरूण ओलं, कितीतरी दिवस कळतच नव्हतं काय झालंय ते. मला ते घरात परत बघायचं नाही.

हे सगळं आबांना दोन रात्री बसून सांगितलं. डॉक्टरांकडं नेलं, गोळी परत सुरू झाली. कट्ट्यावर ते अजून रोज जातात, दोस्तमंडळी तिथंच असतात ना, फक्त आता येताना हातात किटली असते, आई आल्या आल्या दूध उकळते आणि त्यातल्या अर्ध्याला विरजण लावते.