आमची वाटचाल : रोटरच्या तीन केबल

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळायचं वर्कशॉप आहे. बाबांनी 1988 मध्ये शेड घेतली तेव्हा चहूकडे खाणी चालू होत्या. गिऱ्हाईक शोधायला कधी बाहेर पडावंच लागलं नाही. क्रशर, कन्व्हेयर, वॉशिंग प्लांटचे पंप, रोज काहीतरी जळायचंच. बाबांचा जीव मात्र स्लिपरिंग मोटरवर.

साध्या मोटरच्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, बाहेरून काही जोडता येत नाही. स्लिपरिंग मोटरच्या रोटरवर वाइंडिंग असतं, त्याची तीन टोकं शाफ्टवरच्या तीन रिंगांना जोडलेली, आणि रिंगांवर टेकलेल्या कार्बन ब्रशमधून तीन केबल बाहेर येतात. मालाने भरलेला क्रशर उठवायचा तर या तीन केबलना रेझिस्टन्सची पेटी लावायची. जोर भरपूर मिळतो, करंटही आवाक्यात राहतो. वेग येईल तसा रेझिस्टन्स काढत जायचा, शेवटी रिंगा शॉर्ट. पेटी अशी तापायची की पावसाळ्यात पोरं तिच्या वर हातमोजे सुकत घालायची.

एक खेळ बाबा मला नेहमी दाखवत. मधे शून्य असलेला मिलिव्होल्टमीटर रोटरच्या केबलवर लावायचा. मोटर पूर्ण वेगात असली तरी काटा डावीकडे-उजवीकडे सावकाश झुलत राहतो. बाबा मनगटावरचं घड्याळ बघून मोजत.

“मिनिटाला साठ हेलकावे. लाइन पन्नास हर्ट्झची, रोटरात एक. बोल रे, स्पीड किती?”

चार पोलची मोटर, सिंक्रोनस वेग (आतलं चुंबकक्षेत्र फिरतं तो) मिनिटाला 1500 फेरे, स्लिप, म्हणजे रोटर त्याच्या मागे राहतो ते अंतर, दोन टक्के. “1470.” टॅकोमीटर लावला की तेवढाच यायचा. पुढे सगळा धंदा या काट्यावर उभा राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. चवथ आठवड्यावर आली होती. सात माणसांतली तिघं उरली. दोन वर्षं हॉटेलांचे पंप आणि लॉन्ड्रीच्या मोटरी बांधल्या. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

मग बेळगावच्या एका ब्रशवाल्याने विचारलं, पवनचक्कीचा जनरेटर बांधाल का? गदगकडचं मशीन, अनमोड घाटातून ट्रकवर आलं. सहा-सात टनांचं धूड, स्टेटर (रोटरभोवतीचा स्थिर भाग) 690 व्होल्टचा. झाकण उघडलं आणि आत तीन रिंगा! बाबा हसले. “अरे, ही तर आपलीच मोटर.”

मोटर आपलीच होती. पण तिच्या तीन केबल पेटीकडे जात नव्हत्या. त्या जात होत्या कन्व्हर्टरकडे, म्हणजे विजेचे हर्ट्झ हवे तसे बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीकडे, आणि कन्व्हर्टरचं दुसरं तोंड लाइनला जोडलेलं.

मला हे कळलं ते बाबांच्या काट्यावरून. खाणीत काटा किती झुलेल ते मोटर ठरवायची. इथे कन्व्हर्टर ठरवतो. वारा कमी असून रोटर 1200 ला फिरत असेल तर तो फिरण्यातून 40 हर्ट्झ मिळतात. कन्व्हर्टर रोटरला 10 हर्ट्झची वीज देतो, 40 आणि 10 मिळून स्टेटरमधून बरोबर 50 निघतात. 1500 ला रोटरला नुसता डीसी लागतो, काटा एका जागी उभा. वाऱ्याने 1800 गाठले की पुन्हा 10 हर्ट्झ, पण फेजचा क्रम उलटा. वारा कसाही असो, लाइनला 50 च.

आणि हिशेब तर आणखी मजेचा. मशीनमध्ये वाया जाणारी वीज सोडून देऊ. स्टेटर 1000 किलोवॅट देतोय असं धरा. 1800 वर रोटरच्या केबलमधून वरचे 200 किलोवॅटही लाइनकडेच जातात, एकूण 1200. 1200 वर उलटं, रोटर लाइनकडून 200 घेतो, हाती राहतात 800. खाणीत हीच स्लिपची वीज आम्ही पेटीत जाळत होतो. कन्व्हर्टरमधून फक्त हा रोटरचा हिस्सा जात असल्याने तो मशीनच्या साधारण तीस टक्के क्षमतेचा असला की भागतं. सगळी वीज त्यातून न्यायची तर केवढा मोठा आणि महाग घ्यावा लागला असता. शिवाय साधा इंडक्शन जनरेटर चुंबकत्वासाठी लाइनकडून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढतो, त्याला कपॅसिटर बँक लागते. इथे तीही रोटरकडून देता येते.

हे सगळं समजलं, तरी पहिल्या मशीनवर आम्ही फसलोच. खाणीच्या मोटरला बांधतो तसा रोटर बांधला. अकरा आठवड्यांत परत आला. उघडला तर रिंगेकडची वायर आत शिरते तिथली पहिलीच कॉइल काळी, बाकीचं वाइंडिंग नव्यासारखं. खाणीत रोटरवर मोठा व्होल्टेज येतो तो चालू करताना, घटकाभर. इथे कन्व्हर्टर दिवसरात्र तुकड्या-तुकड्यांनी व्होल्टेज मारतो, आणि प्रत्येक तुकड्याची धार पहिल्या कॉइलवर पडते. ते मशीन पदरचे पैसे घालून पुन्हा बांधलं. आता तांब्याच्या पट्टीला मायका टेप, व्हॅक्यूममध्ये वार्निश, आणि सर्ज टेस्ट (व्होल्टेजचे तसेच झटके देऊन तपासणी) केल्याशिवाय माल हलत नाही. कॉइलच्या बाहेर आलेल्या टोकांवर रेझिग्लासची (रेझिन लावलेल्या काचतंतूंची) पट्टी ताणून गुंडाळतो, नाहीतर त्या वेगात कॉइल बाहेर फाकतात.

त्याच मशीनच्या बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या वाटेवर, नखाला लागतील अशा आडव्या रेघा होत्या. शाफ्टमधून वीज बेअरिंगवाटे उतरत होती. तेव्हापासून इन्सुलेटेड बेअरिंग आणि शाफ्टला अर्थिंगचा ब्रश आहे का, हे आधी पाहतो. ब्रशची भुकटी हा वेगळाच छळ. साफ न करता महिनोन् महिने ठेवलेली रिंगांची खोली उघडली की आमचे मेस्त (मिस्त्री) चुलीत डोकं घातल्यासारखे दिसतात.

बाबा आता वर्कशॉपला रोज येत नाहीत. एकदा कन्व्हर्टरचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं. रोटरच्या केबलजवळ एका रेझिस्टन्सवर त्यांनी बोट ठेवलं. “हे काय?”

लाइनचा व्होल्टेज अचानक पडला की रोटरात भलता करंट उसळतो, कन्व्हर्टर जळू शकतो. तेवढ्या क्षणापुरता रोटर त्या रेझिस्टन्सवर शॉर्ट करतात. क्रोबार म्हणतात त्याला.

“म्हणजे पेटी लागतेच,” बाबा म्हणाले. “किती ओहमची?” मला माहीत नव्हतं, फोन करून विचारावं लागलं.

वारा जोरात असतो पावसाळ्यात, आणि मशीन बंद पडलेलं मालकाला तेव्हाच परवडत नाही. आमच्याकडे मात्र जुलैत मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला की दमटपणामुळे दोन-तीन मेगओहमच दाखवतो. रोटर दोन-दोन दिवस ओव्हनमध्ये ठेवून सुकवावा लागतो, मग कुठे आकडा वर चढतो. म्हणून आम्ही गिऱ्हाइकांना मार्चमध्येच फोन लावतो. निम्मे ऐकतात. उरलेल्यांचे ट्रक भर पावसात अनमोडला अडकलेले असतात, आणि ड्रायव्हर आम्हालाच विचारतो, रस्ता कधी मोकळा होईल.