प्रिचर्ड कुणाचा, आणि आमचा कुणाचा

मागच्या बुधवारी मी एका फ्रेंच माणसाशी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शर्यतीवरून भांडले. फ्रेंचमध्ये. व्याकरणाचा पार चुराडा झाला, पण हटले नाही.

आमचे चिरंजीव दोन वर्षं हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळतात. इथे पॅरिसजवळ बुधवारी दुपारी शाळा नसते, त्यामुळे सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या क्लबात पिटाळलेली असतात. नव्या मोसमाचा फॉर्म मी मैदानावरच, मांडीवर वही ठेवून भरत होते. जन्मस्थळ: बूलोन्य-बियांकूर, म्हणजे इथलंच. राष्ट्रीयत्व: भारतीय. प्रशिक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही रकाने वाचले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "मादाम, तेरा पूर्ण झाली की त्याच्यासाठी फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, ठाऊक आहे ना? मग हा रीतसर आमचा."

रीतसर आमचा! बारा वर्षं याला वरणभात मी भरवला.

माणूस वाईट नाही हो. मागच्या नोव्हेंबरात पावसात याला स्वतःचं जॅकेट काढून देणारा तोच. पण काही वाक्यं नको तिथे लागतात. मी म्हटलं, "मस्य (म्हणजे महाशय), भारताच्या नावावरची पहिली दोन ऑलिम्पिक पदकं तुमच्याच पॅरिसमधली आहेत. १९०० साली. त्यातलं एक हर्डल्सचं." त्यांना माहीत नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ती दोन्ही पदकं जिंकणाऱ्या नॉर्मन प्रिचर्डचं नाव आपण सगळ्यांनी स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये घोकलंय. एक मार्काचा प्रश्न, पुढे काही नाही. इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा कळलं की तो पळाला ती जागा माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. बुआ द बूलोन्य नावाचं जंगल आहे ना पॅरिसच्या पश्चिमेला, त्यातल्या क्रुआ-कातलाँला ही स्पर्धा झाली. ट्रॅक नव्हताच. पाचशे मीटरचं गवत, तेही उंचसखल. झाडं तोडायची नाहीत म्हणून थाळी आणि हातोडा फेकणाऱ्यांचं सामान झाडांत जाऊन पडायचं. चारशे मीटरच्या हर्डल्सला अडथळे म्हणून टेलिफोनचे खांब आडवे टाकले होते म्हणतात. सगळा कारभार जागतिक प्रदर्शनाच्या पोटात चाललेला, मे ते ऑक्टोबर. आपण ऑलिम्पिक खेळलो हे कित्येक खेळाडूंना पुढे वर्षानुवर्षं कळलंच नाही. आणि हीच मंडळी आमच्या नियोजनावर बोलणार! (२०२४ ला मात्र त्यांनी झक्क केलं, ते मान्य करायला हवं. स्टाद द फ्रान्समध्ये आपल्या बीडच्या अविनाश साबळेला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत पाहिलं. अकरावा आला. माझा घसा दोन दिवस बसला होता.)

तर १६ जुलै १९००. दोनशे मीटर हर्डल्स. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये १९०० आणि १९०४ असा दोनदाच झाला, मग बंद. प्रिचर्डसमोर होता अमेरिकेचा आल्विन क्रेन्झलिन. शिक्षणाने दंतवैद्य. त्याने त्या एका ऑलिम्पिकमध्ये चार वैयक्तिक प्रकार जिंकले, त्यातला हा एक. क्रेन्झलिन २५.४ सेकंद, प्रिचर्ड २६.६, तिसरा अमेरिकेचाच ट्यूक्सबरी. सहा दिवसांनी साध्या दोनशे मीटरमध्ये ट्यूक्सबरी पहिला आणि प्रिचर्ड पुन्हा दुसरा.

क्रेन्झलिनची खुबी म्हणजे पुढचा पाय सरळ ताणून अडथळा पळतापळताच ओलांडायचा. आज जगभर तेच शिकवतात. आमचे प्रशिक्षकही दर बुधवारी घसा ताणून हेच ओरडतात, "उडी मारू नकोस, पळ!" फ्रेंचमध्ये हर्डलला जो शब्द आहे तो कुंपणाचाही, म्हणजे शेराचं किंवा निवडुंगाचं असतं तसल्या झाडांच्या कुंपणाचा. मी लहानपणी कराडजवळ मामाच्या मळ्यात असली कुंपणं बरीच ओलांडली, पण तंत्र फक्त मागे लागलेल्या कुत्र्याचं.

हे सगळं मी मैदानावर हातवारे करून सांगितलं. प्रशिक्षकांनी फोन काढून नाव शोधलं. "पण हा तर इंग्रज दिसतोय?"

इथे मी पेटले. म्हटलं, जन्म कलकत्त्याचा. शिक्षण तिथल्याच सेंट झेवियर्स कॉलेजात. बंगालची शंभर यार्डांची शर्यत सलग सात वर्षं जिंकलेला. पुढे इंडियन फुटबॉल असोसिएशनचा सचिव. पळायला शिकला आमच्या मातीत, मग तो आमचा नाही तर कुणाचा?

"म्हणजे जो जिथे जन्मला आणि जिथे पळायला शिकला, तिथला?"

"अर्थात!"

ते काही बोलले नाहीत. फक्त फॉर्मवरच्या जन्मस्थळाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि शिट्टी वाजवत मुलांकडे निघून गेले.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. शनिवारी क्रुआ-कातलाँला जाऊन आले. आता तिथे सभासदांचा क्लब आहे. कुंपणाबाहेरून टेनिसचा टपटप आवाज ऐकला, डबा खाल्ला, परतले.

खरं सांगायचं तर प्रिचर्डच्या बाबतीत माझी बाजू वाटते तितकी भक्कम नाही. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला आला होता, लंडनच्या क्लबाकडून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत पळाला, क्रेन्झलिनच्या मागे दुसरा आला आणि तिथूनच पॅरिसला गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्याची दोन्ही रौप्यं भारताच्या खात्यात धरते. ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने मात्र २००४ च्या आकडेवारीच्या पुस्तकात त्याला ब्रिटनच्या यादीत टाकलं. १९०५ साली तो भारत सोडून गेला तो गेलाच. नाटकात शिरला, नाव बदलून नॉर्मन ट्रेव्हर झाला, हॉलिवूडच्या मूकपटांत चमकला आणि १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातच वारला. आणि मी स्वतः? २०२१ ला नीरजने टोकियोत भाला फेकला तेव्हा "ॲथलेटिक्समधलं भारताचं पहिलं पदक" हा मेसेज घरच्या ग्रुपवर सगळ्यात आधी मीच पुढे ढकलला होता. तेव्हा प्रिचर्ड इंग्रज होता. बुधवारी भारतीय झाला. सोयीप्रमाणे.

आमच्या कराडकडच्यांना तर असल्या उसन्या पदकांची गरजच नाही. गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं. लोकांनी वर्गणी काढून पाठवलं आणि परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. तिथे कुठला रकाना भरताना कुणी अडलं नसेल.

आणि मुलाचं वेगळं आहे. आहेच. प्रिचर्डच्या घरी वरणभात नव्हता. आमच्याकडे मराठी बोलतात, गणपती बसतो, तो "आई गं" मराठीतच म्हणतो. हर्डल लागून गुडघा फुटला तेव्हा मात्र फ्रेंचांसारखं "आय्य" म्हणाला, ते मी मोजत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, एवढं काय, अर्ज करून टाकू, पुढे शिक्षणाला सोपं. पण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. त्याचा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घेऊन आजोळी जायचं. तो निळा पासपोर्ट दूतावासाच्या खिडकीतून आत सरकवणं मला जमेल असं वाटत नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिने नातवालाच विचारलं, "तू कुणाकडनं पळतोस रं?"

"क्लबकडनं, आजी."

"तसं न्हवं."

"मग कसं?"

तिला सांगता आलं नाही. मलाही आलं नाही.

त्या अर्जाचे कागद नवऱ्याने छापून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलेत. अर्ज आईबापांनी करायचा, पण मुलाची संमती लागते. त्यामुळे चिरंजीव सध्या जुन्या वहीत सहीचा सराव करताहेत. अगदी फ्रेंच सही, एक अक्षर वाचता येत नाही.