रियुनियनचा ज्वालामुखी पाहायला जायचंय? मग पहाटेचा गजर लावा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी एकदा तरी रियुनियनला जावं, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर साचले. तो लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला, तोच स्रोत आज हिंदी महासागरातल्या या फ्रेंच बेटाखाली आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. जमीन त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे मालदीव, मॉरिशस अशा खुणा राहिल्या. म्हणजे राजगड चढताना ज्या कातळावर आपण हात टेकतो, त्याचं ताजं भावंड इथे अजून जन्माला येतंय.

२००७ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. बेटाचा सुमारे ४२ टक्के भाग त्यात येतो आणि २०१० पासून तो जागतिक वारसाही आहे. तिकीट वगैरे काही नाही. जागता ज्वालामुखी म्हणजे पितों द ला फूर्नेज, उंची २,६३२ मीटर. कधी तो वर्षातून दोन-तीनदा उसळतो, कधी दोन-दोन वर्षं गप्प. त्यामुळे ‘लाव्हा बघायचाच’ असा हट्ट धरून विमानाचं तिकीट काढू नये. उलट, उद्रेकाची चिन्हं दिसली की ज्वालामुखीभोवतीच्या कड्याखालचा सगळा भाग, ज्याला तिथे आंक्लो म्हणतात, चालणाऱ्यांना बंद होतो. मग लांबूनच बघायचं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो उघडा आहे ना, हे बघून घ्यावं.

खरी गाठ पडते ती ढगांशी. सकाळी आभाळ स्वच्छ असतं आणि नऊ-दहानंतर समुद्राकडून ढग चढू लागतात. आम्ही किनाऱ्यावरच्या सें पिएर गावाहून काळोखातच गाडी काढली (डावीकडे स्टिअरिंग, उजवीकडून रस्ता, वळणावळणाच्या घाटात नवरा एक शब्द बोलत नव्हता). ज्वालामुखीचा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवायचा, म्हणजे ढगांनी दगा दिलाच तर पुढचा एखादा दिवस हाताशी राहतो. शेवटच्या दिवसावर ढकललंत, तर धुकं बघून परत याल. मे ते नोव्हेंबर हा बरा काळ. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. वाटेत कोमेरसों नावाचं एक खोल विवर लागतं. जानेवारी १९८० मधल्या वादळात तिथे पंधरा दिवसांत ६,०८३ मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरला एवढ्यासाठी अख्खा पावसाळा लागतो.

घाट संपला की अचानक झाडं संपतात आणि समोर प्लेन दे साब्लचं तांबूस-काळं पठार पसरतं. रस्ता त्याच्या मधूनच जातो. पुढे आंक्लोच्या कड्यावरचं पा द बेलकोंब, २,३११ मीटरवर. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे इथे पारा शून्याच्या आसपास जातो. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून स्वेटर घरी ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तिथून कड्याच्या पोटातल्या शेकडो पायऱ्या उतरून आंक्लोच्या तळाशी जायचं. सुरुवातीलाच फॉर्मिका लिओ नावाची तांबडी, बुटकी टेकडी भेटते. मग दगडांवरच्या पांढऱ्या रंगाच्या खुणा बघत चालत राहायचं. धुकं उतरलं तर त्या खुणांशिवाय दुसरा आधार नाही, म्हणून त्या सोडून फोटोसाठी आडवं जाऊ नये. माथ्यावरच्या दोलोम्यो विवराच्या काठापर्यंत जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. वाटेत सावली नाही, पाणी नाही. एप्रिल २००७ मध्ये या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला. काठावर उभं राहिलं की ‘खचला’ म्हणजे किती, ते पोटात गोळा येऊन कळतं.

मला मात्र विवरापेक्षा पायाखालचा दगड जास्त आवडला. लाव्हा थिजताना त्याच्या वळकट्या झालेल्या, कडा इतक्या धारदार की हात टेकायची सोय नाही. एक तुकडा उचलून पाहिला. आपल्या कातळातल्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. इथल्या पोकळ्या रिकाम्याच. भरायला अजून काळच गेलेला नाही. काही दगडांत ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट कण उन्हात चमकत होते. बघून तुकडा होता तिथेच ठेवला. उद्यानातला दगड आहे, पिशवीत घालायचा नाही.

चालायची ताकद नसेल तर पूर्वेच्या किनारी रस्त्याने जा. समुद्राकडे वाहत गेलेले लाव्ह्याचे ओघ त्या रस्त्यावरून गाडीतूनच दिसतात. पितों सेंत रोझ गावात १९७७ च्या लाव्ह्याने चर्चला वेढा घातला, दारापर्यंत आला आणि थांबला. चर्च आजही वापरात आहे.

शाकाहाऱ्यांनी फार काळजी करू नये. भात, घेवड्याची किंवा मसुराची उसळ, टोमॅटोची तिखट चटणी आणि भाज्यांचं लोणचं सहज मिळतं. सामोसेही कोपऱ्याकोपऱ्यावर, फक्त आत काय आहे ते विचारून घ्या. मॉरिशसहून विमान पाऊण तासाचं. फ्रान्सचं असलं तरी हे बेट शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, तेव्हा व्हिसाची चौकशी रियुनियनचं नाव घेऊनच करा.