एकाच पिशवीतले कागद

चिपळूण, 22 जुलै, रात्र

दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. वाशिष्ठी अजून पात्रात आहे, पण भरती ओसरेपर्यंत आम्ही दोघं झोपणार नाही. आई मात्र निवांत झोपली. "तुम्ही आहात ना जागे," म्हणाली. मनातून हे "तुम्ही" जात नाहीये.

2021 साली याच तारखेला पहाटे पाणी आलं, तेव्हा घरात फक्त आई आणि मी. माळ्यावर बसून जिन्याची एकेक पायरी बुडताना बघत होतो. पाणी उतरल्यावर सांगलीहून पोरांचा ट्रक आला, फावडी, घमेली, फिनेल घेऊन. त्यातला एक आत शिरला, भिंतीवरच्या ओल्या गाळाला बोट लावलं आणि म्हणाला, "दादा, आजच काढूया. वाळला की कुदळीनं फोडाय लागतोय." 2019 ला कृष्णा त्याच्या घरात शिरली होती, तिथलं शिक्षण. संध्याकाळी त्याच्या कोपरापर्यंत गाळ सुकून बारीक भेगा पडल्या होत्या. मी तांब्याने त्याच्या हातांवर पाणी ओतत होतो. टँकरचं पाणी, मोजून वापरायचं. मी मोजलं नाही. त्यानेही पुरे म्हटलं नाही.

सोळाव्या वर्षी मला माझं पुढचं आयुष्य दिसायचंच नाही. भावंडांना नोकरी, लग्न, घर असं सगळं ओळीने दिसायचं. मला पंचविशीपुढे नुसता अंधार. 2018 च्या सप्टेंबरमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमातून आम्ही सुटलो, तरी तो अंधार लगेच हटला नाही. तो हटला या माणसामुळे. म्हातारपणी कोण कुणाची औषधं विसरेल यावर आम्ही भांडतो आता. आणि नेमकं आताच कळतंय की पुढचा काळच धड राहिलेला नाही. अरबी समुद्र तापतोय. 2024 साल औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलं. 2025 ला ज्येष्ठ लागायच्या आत कोकणात मोसमी पाऊस आला, आंबा झाडावर असताना. पूर्वी असल्या बातम्या मी नुसत्या वाचायचो. हल्ली पोटात गोळा येतो, कारण आता गमवायला माणूस आहे.

नातेवाईक म्हणतात, तुला ना मूल ना बाळ, तुला कशाला पुढची काळजी? याचा मला मनापासून राग येतो. मला तो सत्तरीचा झालेला बघायचाय. याच अंगणात, कोरड्या पायांनी.

17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न हा आमचा मूलभूत हक्क नाही. मी दिवसभर आडवा पडून होतो. त्याने दुसऱ्या दिवशी लोहाराकडून माळ्याला लोखंडी शिडी बसवून घेतली. आईचे गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या रुंद, एका बाजूला धरायला दांडा. तेव्हापासून आई त्याला "सांगलीवाला" म्हणत नाही, नावाने हाक मारते.

पुराचा पंचनामा घराघराने होतो, आणि घर म्हणजे कोण हे रेशनकार्डावरून ठरतं. आमच्यासारखे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, असं केंद्राने 2024 मध्ये राज्यांना कळवलंय. आमची कार्डं अजून दोन आहेत. उद्या पाणी आलं तर पंचनाम्यात तो कोण लागणार? भाडेकरू?

मघाशी त्याने कागदपत्रं बांधली. घराचा उतारा, आईचं पेन्शनचं पुस्तक, माझं आधार, त्याचं आधार, दोन्ही रेशनकार्डं, सगळं एकाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत. तोंडाला सुतळीची गाठ मारली आणि पिशवी माळ्याच्या खुंटीला अडकवली. खाली उतरून म्हणाला, "तू पड जरा, मी बघतो पाणी."

मी पडलो नाहीये. तो दारात बॅटरी घेऊन उभा आहे, नदीच्या बाजूला उजेड मारतोय. आता चहा टाकतो.